पॅरिशमध्ये कोणी अचानक गेलं तर पहिल्या दिवशी काय करायचं आणि तिसऱ्या आठवड्यात काय

अपघात, हार्ट अटॅक, रात्री झोपला तो उठलाच नाही, अशी बातमी आली की पॅरिशच्या, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चच्या लोकांच्या, ग्रुपवर धडाधड हात जोडलेले इमोजी पडायला लागतात आणि ज्याच्या घरी हे झालंय त्याला त्यातलं काहीच दिसत नसतं. मी बरीच वर्षं चर्चमध्ये वाचन आणि अंत्यविधीची तयारी बघतोय, बऱ्याच चुका स्वतः केल्यात, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

सगळ्यात आधी फादरना फोन करा, आणि "आता उशीर झाला" हे आपणच ठरवून टाकू नका. आजाऱ्यांचं तैलाभ्यंग (फादर प्रार्थना म्हणत पवित्र तेल लावतात तो संस्कार) हे जिवंत माणसासाठीच असतं हे खरं, पण माणूस गेला की आहे याबद्दल शंका असेल तर ते द्यावं असं चर्चचा कायदाच सांगतो (कॅनन १००५). आणि खरंच गेला असेल तरी फादर येऊन मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणतात, घरच्यांना त्या क्षणी तेवढा एक आवाज लागतो.

अचानक मृत्यू म्हटलं की पोस्टमॉर्टेम, पोलीस, कागदपत्रं आलीच, बॉडी मिळायला एकदोन दिवसही लागू शकतात. प्रार्थना तोपर्यंत थांबवायची गरज नाही, त्याच संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ठेवा. चर्चमध्ये किंवा घरी, कुठेही, पण वेळ एकच सांगा, नाहीतर सात वाजता, साडेसात वाजता असे तीन मेसेज फिरतात आणि लोक उगाच चुकतात.

रोझरीच का ते सांगतो. एक जण नमो मरिया या प्रार्थनेचा पहिला भाग म्हणतो, बाकीचे दुसरा पूर्ण करतात, पाच रहस्यं (येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग), प्रत्येकी दहा मणी, वीसेक मिनिटांचं काम. कोणालाही नवीन काही सुचावं लागत नाही, आणि त्या घरात त्या दिवशी कोणालाच काही सुचत नसतं. एकदा एका आईने हट्टाने स्वतः सुरुवात केली, मुलगा सकाळीच गेला होता, तिसऱ्या मण्यावर आवाज बंद, अंगठा तिथेच अडकलेला. कोणी काही बोललं नाही, शेजारच्या बाईंनी तिथूनच उचलून पुढचं म्हटलं, चौथा मणी, पाचवा मणी, आणि नवव्याला त्या आई परत सुरात आल्या. एरवी एकी एकी म्हणून आपण मीटिंगा घेतो, ती मला त्या दिवशी दिसली. म्हणून सुरुवात करणाऱ्याच्या बाजूला कायम दुसरा एक जण बसवा ज्याला कुठवर आलो ते माहीत आहे.

आता बोलण्याचं. "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात", "देवाची मर्जी", "निदान त्रास तरी नाही झाला", यातलं काही नको प्लीज. बायबलमध्ये योहानच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात मार्था येशूला तोंडावर सांगते की प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, आणि तो तिला गप्प करत नाही, पुढे कबरीकडे जाताना स्वतः रडतो. घरचा कोणी चिडून "देव कुठे होता" म्हणाला तर उत्तर द्यायला जाऊ नका. बायबलमधलं ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यालाही प्रार्थनाच म्हणतात.

आत्महत्या असेल तर कुजबुज पहिल्याच तासात थांबवायची, आणि हे काम पॅरिशमधल्या मोठ्यांनी करायचं. चर्चच्या १९१७ च्या कायद्यात अशांना चर्चचा अंत्यविधी नाकारायची तरतूद होती, १९८३ च्या कायद्यात ती नाही, आणि कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाचा, २२८३ वा परिच्छेद सांगतो की त्यांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. कोणी "पण चर्चमध्ये चालतं का?" म्हणालं तर एवढं सांगा आणि विषय बंद करा.

अंत्यविधीच्या मिस्सेचा (चर्चमधल्या मुख्य उपासनेचा) दिवस ठरवताना कॅलेंडर बघा, पवित्र गुरुवार ते ईस्टर रविवार, आणि आगमनकाळ (नाताळाआधीचा), उपवासकाळ (ईस्टरआधीचा), पुनरुत्थानकाळ (ईस्टरनंतरचा) यातले रविवार, या दिवशी अंत्यविधीची मिस्सा होत नाही, मिस्सेशिवायचा विधी होऊ शकतो, फादर सांगतील. दहन चालतं, १९६३ पासून परवानगी आहे, पण २०१६ च्या व्हॅटिकनच्या सूचनेप्रमाणे अस्थी विखरायच्या नाहीत, पवित्र जागी ठेवायच्या. हे घरच्यांना आधीच हळूच सांगा, दारात वाद नको.

भाषणं हा आणखी एक घोळ. प्रवचनाच्या जागी गुणगान नसतं, घरच्यांना चार शब्द बोलायचेच असतील तर कम्युनियन (पवित्र भाकर घेणं) झाल्यावरच्या प्रार्थनेनंतर, शेवटच्या निरोपाआधी, एकच जण, तीन मिनिटं, कागदावर लिहून. कागद का, तर रडू आलं तर तो दुसऱ्याच्या हातात देता येतो. आणि कोणता कोयर (चर्चचा गायकवृंद) गाणार यावरून त्या दिवशी भांडू नका, हे लिहावं लागतंय यातच काय ते समजा. दोन्ही कोयर एकत्र उभे करा, सगळ्यांना पाठ असलेली गाणी घ्या, नवीन चाल अजिबात नको.

नऊ दिवस प्रार्थनेला सगळे घरी येतात. खरी गरज त्यानंतर लागते, तिसऱ्या आठवड्यात घर एकदम रिकामं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी एका वहीत पुढच्या दोन महिन्यांची यादी करा, कुठल्या मंगळवारी कोण जाणार, बँकेच्या कामाला कोण सोबत, मुलांना क्लासला कोण सोडणार. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कोणी सांगत नाही. घरातला एखादा चर्चमध्ये आतच येत नसेल, बाहेर दाराशी उभा राहत असेल, तर त्याला ओढू नका, मिस्सा संपेपर्यंत कोणीतरी त्याच्या बाजूला उभं राहा.

तिसाव्या दिवसाची मिस्सा, वर्षाची मिस्सा आणि २ नोव्हेंबरचा सर्व मृतांचा दिन, या तारखा घरच्यांनी नाही, तुम्ही लक्षात ठेवायच्या. आणि २ नोव्हेंबरला वाचायच्या यादीत नाव घालताना ते घरच्यांकडून एकदा तपासून घ्या. मी एकदा आडनाव चुकीचं वाचलं होतं, पहिल्याच रांगेत बायको बसली होती, तिने फक्त मान वर करून बघितलं.