ज्वालामुखींच्या भांडणाची गोष्ट कशी वाचायची

लोककथांत ज्वालामुखी माणसांसारखे भांडतात. आधी त्या भांडणाऱ्यांचा स्वभाव ओळखा, आणि तो ठरतो मॅग्मातल्या, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातल्या, सिलिका या खनिज घटकावर. सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर मॅग्मा पातळ, गॅस सहज निसटतो, लाव्हा वाहत राहतो, म्हणजे तोंडाने फटकळ पण मनात काही ठेवत नाही. सिलिका ६०च्या वर गेलं की मॅग्मा चिकट, गॅस आत कोंडतो, शेकडो वर्षं अबोला आणि मग एके दिवशी डोक्यावरचं छप्परच उडतं.

आता नकाशा उघडा. हवाईची अग्निदेवी पेले फटकळ गटातली. तिचं वाजलं थोरल्या बहिणीशी, समुद्राच्या देवीशी. ही काउआईवर खड्डा खणून चूल पेटवणार की ती पाणी ओतून विझवणार, मग ही ओआहूवर, मग माउईवर, शेवटी हवाई बेटावर किलाउएआ ज्वालामुखीत बस्तान. आता याच क्रमाने बेटांची वयं लावून बघा! काउआई साधारण ५० लाख वर्षांचं, हवाई बेट १० लाखांच्याही आतलं, क्रम तंतोतंत तोच. खालचा हॉटस्पॉट, म्हणजे खोलातून मॅग्मा वर येण्याची जागा, जवळपास जागेवरच असतो, वरची पॅसिफिक प्लेट, म्हणजे समुद्रतळाचा अवाढव्य खडकाळ तुकडा, वर्षाला ७ ते १० सेंमी वायव्येला सरकते, म्हणजे पेले कुठे गेलीच नाही, बेटंच तिच्या पायाखालून निघून गेली. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, लोकांनी नुसतं झिजलेले डोंगर बघून हे ताडलं असणार असं मला वाटतं.

पण सगळीकडे असं ओढूनताणून बसवू नका. न्यूझीलंडच्या माओरी गोष्टीत तारानाकी आणि टोंगारिरो हे डोंगर पिहांगा या सुंदर डोंगरीवरून भांडतात, तारानाकी हरतो आणि रडत पश्चिमेला जातो, त्याच्या वाटेची व्हांगानुई नदी होते. डोंगर चालत गेलेला नाही, पण नदी खरंच टोंगारिरोच्या उतारावर उगम पावते आणि २५१८ मीटरचा तारानाकी पश्चिम किनाऱ्याजवळ एकटाच उभा आहे.

शेवटी गोष्टीतला गप्प बसलेला कोण ते शोधा. अमेरिकेत कोलंबिया नदीकाठी दोन भाऊ, म्हणजे दोन ज्वालामुखी, लूविट नावाच्या सुंदरीसाठी एकमेकांवर दगड फेकतात आणि नदीवरचा देवांचा पूल कोसळतो. तिथे १५व्या शतकाच्या सुमारास दरड कोसळून नदी खरोखर अडली होती. आणि गोष्टीत गप्प बसलेली लूविट म्हणजे माउंट सेंट हेलेन्स, हा ज्वालामुखी १८ मे १९८० ला फुटला, ५७ माणसं गेली, उंची २९५० मीटरवरून २५४९ वर आली.