प्लगला करंट आहे, तरी चेनसॉ सुरू होत नाही? या चुका टाळा

मे महिना लागला की ठाण्यात पावसाआधीच्या फांद्याछाटणीची धांदल सुरू होते. वर्षभर सोसायटीच्या पंपरूममध्ये धूळ खात पडलेले चेनसॉ तेव्हा एकेक करून माझ्या टेबलावर येतात. येताना सोबत निदानही आणतात : "कॉइल गेलीय." बहुतेकदा कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग, ठणठणीत असते.

करंट बघायची पद्धतच आधी चुकते. प्लग काढून त्याच्याच भोकाशेजारी टेकवतात आणि दोरी ओढतात. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते, भडका उडू शकतो. प्लग भोकापासून लांब, सिलिंडरच्या उघड्या धातूला नीट टेकवा. शिवाय उघड्यावर ठिणगी पडली म्हणजे आत दाबाखालीही पडेलच असं नाही. म्हणून आधी नवा प्लग लावून बघा. प्लगच्या दोन टोकांमधली गॅप साधारण 0.5 मिमी.

नवी कॉइल घेण्याआधी किल वायर काढून बघितलीत का? बंद करायच्या खटक्यापासून कॉइलपर्यंत जाणारी ही बारीक वायर कुठेतरी घासून सोलली आणि बॉडीला लागली, की ठिणगी गायब. वायर काढल्यावर करंट आला तर दोष वायरीत किंवा खटक्यात. फक्त लक्षात ठेवा, तशा अवस्थेत मशीन सुरू झालं तर खटक्याने बंद होणार नाही, चोक ओढावा लागेल.

आपल्याकडे खाडीची दमट हवा. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवर फिरणाऱ्या चाकाच्या, मॅग्नेटवर आणि कॉइलच्या पायांवर गंज चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो काढा. मग कॉइलचे स्क्रू ढिले करून कॉइल आणि मॅग्नेटच्या मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवा, मॅग्नेट कॉइलला ओढून धरेल, तसेच स्क्रू आवळा आणि कार्ड काढून घ्या. बऱ्याच मशीनना साधारण 0.3 मिमीची ही फट चालते.

आता टायमिंग. "टायमिंग सेट करून द्या," म्हणणारे बरेच येतात. पण आजच्या बहुतेक चेनसॉमध्ये सेट करायला काही ठेवलेलंच नाही. मॅग्नेट कॉइलसमोरून गेला की ठिणगी पडते, पिस्टन टोकाला पोचायच्या थोडं आधी. फ्लायव्हील शाफ्टवर जरा जरी सरकलं, तरी ती क्षणाची वेळ चुकते.

गेल्या वर्षी कोपरीचा एक झाडं छाटणारा मुलगा आला. कॉइल नवी, प्लग नवा, कार्बुरेटरचं किटही नवं. "काका, दोरी उलटी हाताला झटका देते," म्हणत त्याने सुजलेलं बोट दाखवलं. तो झटका आणि कार्बुरेटरमधून येणारा फट्‌ आवाज ऐकला की मी थेट फ्लायव्हीलचा नट सोडतो. आतली हाफमून की, म्हणजे चाक शाफ्टवर नेमक्या जागी बसवणारी अर्धचंद्राकार खिट्टी, मधोमध कापली गेली होती : अर्धा तुकडा शाफ्टच्या खाचेत, अर्धा चाकात, कापलेली कड नव्या नाण्यासारखी चकचकीत. वडापावच्या पैशांतला भाग! काही मशीनमध्ये ही की चाकाच्याच धातूत ओतलेली असते, तिथे मात्र अख्खं फ्लायव्हील बदलावं लागतं.

ती का कापली गेली? आधी कुणीतरी चाक काढून परत बसवताना टेपरला, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या भागाला, ग्रीस फासलं होतं. पकड असते ती कोरड्या, स्वच्छ टेपरची. की फक्त जागा दाखवते, ताण सोसायला ती नसतेच. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा. नट सोडताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालणारे महाभागही आहेत. त्याऐवजी सुती दोरी घाला, तीही वर येणाऱ्या पिस्टनने एक्झॉस्टचं तोंड झाकल्यावर. आणि चाकावर हातोडा नको, त्याची पाती तुटतात.

राहिला तो वीस मिनिटं चालून बंद पडणारा आणि चहा होईपर्यंत पुन्हा सुरू होणारा चेनसॉ. इथे कॉइल खरोखरच दोषी असू शकते, कारण तापल्यावर ती आतून साथ सोडते. टाकीची हवा घ्यायची वाट तुंबली तरी अगदी हेच होतं. थंड कॉइलला मल्टिमीटर लावून यातलं काही कळत नाही. बंद पडल्या पडल्या झाडाखालीच प्लग तपासा. करंट नसेल तर कॉइल. करंट असेल तर टाकीचं झाकण थोडं ढिलं करा, फुस्स आवाज आला आणि मशीन लगेच सुरू झालं तर दोष त्या वाटेचा. म्हणून प्लगपाना सोबत न्या. दुकानात आणेपर्यंत मशीन थंड होतं आणि माझ्यासमोर पहिल्याच दोरीला गुमान सुरू होतं.