जुन्या कागदात ‘रहन’ दिसलं तर थांबा
इंदूरच्या वाड्याचे किंवा शेतीचे आजोबांच्या वेळचे कागद निघाले, की ‘वल्द’ (अमक्याचा मुलगा), ‘साकिन’ (राहणार) यांत अडकू नका. आधी बघा, ‘बैनामा’ आहे की ‘रहननामा’. बैनामा म्हणजे खरेदीखत, रहननामा म्हणजे गहाणखत. गहाणात मालकी सहसा गहाण ठेवणाऱ्याचीच राहते. पुढचा शब्द भिंग लावून वाचा. ‘बाकब्जा’ म्हणजे ताब्यासह गहाण, ‘बिलाकब्जा’ म्हणजे ताबा न देता. घसरट अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात, आणि नेमका तिथेच भाऊबंदांचा घोळ होतो! ‘फौती नामांतरण’ ऐकून दचकू नका, मयताच्या जागी वारसांची नावं चढवणं एवढंच ते. मूळ कागद लॅमिनेट मात्र करू नका. फोटो काढा आणि जुनी खतं वाचणाऱ्या वकिलाला दाखवा.