जुना मीटर बसवा, पण किलोमीटर आपलेच ठेवा

गाडीच्या डॅशबोर्डवरचा वेग आणि किलोमीटर दाखवणारा मीटर गेला असं ठरवण्याआधी फ्यूज बघा, मागच्या सॉकेटला करंट आणि अर्थिंग येतंय का ते टेस्ट लॅम्पने तपासा. ते नीट असूनही काटे पडलेले आणि स्क्रीन काळी असेल, तर मीटर बदलायचा. भंगारात काढलेल्या गाडीचा चांगला मीटर नव्यापेक्षा खूप कमी पैशांत मिळतो आणि वर्षानुवर्षं चालतो.

"मॉडेल एकच आहे ना, मग कुठलाही बसतो," असं सांगणारे पायलीला पन्नास भेटतात. बसतो, पण चालत नाही. डिझेलचा मीटर पेट्रोल गाडीत घातला तर आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) लाल पट्टा भलत्याच जागी येतो. एअरबॅग नसलेल्या मॉडेलचा घातला तर एअरबॅगचा दिवा कायमचा गायब होतो, आणि तो दिवा नसणं धोक्याचं आहे. म्हणून आपल्या मीटरच्या पाठीवरचं स्टिकर बघा. मारुतीचा नंबर बहुतेक वेळा ३४१०० किंवा ३४११० ने सुरू होतो, पण पुढची अक्षरंही जुळली पाहिजेत. स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवूनच दुकानात जा. पोलो, व्हेंटो, रॅपिड असल्या गाड्यांत इमोबिलायझरची (खरी चावी नसेल तर गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) माहिती मीटरमध्येच असते. तिथे दुसरा मीटर नुसता जोडला की गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. त्या गाड्यांना पुढची पद्धत लावू नका, त्या प्रोग्रॅमिंग करणाऱ्याकडेच न्या.

सांगलीत मीटर घेताना मी आणखी एक तपासणी करतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इथल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाण्यातून निघालेला मीटर पुसला की नव्यासारखा दिसतो. स्क्रूच्या भोकात आणि काचेच्या कडेच्या फटीत टाचणी फिरवा. टोकाला गाळ लागला किंवा सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर दिसला, तर फुकट दिला तरी घेऊ नका. असा मीटर दोन महिने चालतो आणि मग दिवे आपोआप लागायला सुरुवात होते.

काढणं सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, थोडा वेळ थांबा, स्टिअरिंग खाली करा, वरचं कव्हर ओढा, स्क्रू काढा आणि सॉकेटचं लॉक दाबून मीटर बाहेर घ्या.

आता किलोमीटर. आणलेला मीटर त्याच्या जुन्या गाडीचे किलोमीटर दाखवणार. "पन्नास हजार कमी दिसतायत, राहू दे की," असं काहीजण सांगतात. हे अजिबात करू नका. गाडी घेणाऱ्याची ती सरळ फसवणूक आहे. शिवाय टायमिंग बेल्ट, कूलंट, गिअर ऑइल सगळं किलोमीटरवर बदलायचं असतं. आकडा खोटा असेल तर तो बेल्ट रस्त्यात तुटल्यावरच कळेल.

जुन्या काळच्या मीटरमध्ये हा आकडा बहुतेक वेळा आठ पायांच्या एका छोट्या चिपमध्ये असतो. तिच्यावर ९३सी४६, ९३सी५६, २४सी०२ असं काहीतरी छापलेलं असतं. आपल्या मीटरच्या सर्किट बोर्डावरची ती चिप काढून आणलेल्या मीटरच्या बोर्डावर, तिथल्या चिपच्या जागी बसवायची, म्हणजे आपले किलोमीटर आपल्याबरोबर येतात. अशी वेगळी चिप दिसली नाही तर आकडा मुख्य प्रोसेसरमध्ये आहे असं समजा आणि तिथेच थांबा.

या चिपने मला फार त्रास दिला. पहिल्या वेळी मी एका बाजूचे पाय गरम करून ब्लेडने चिप उचकटली. चिपबरोबर बोर्डावरचा तांब्याचा पॅडही निघून आला, आणि केसाएवढी तार ओढून जोडणी करण्यात सगळी संध्याकाळ गेली. दुसऱ्या वेळी मामांच्या गाडीत चिप उलटी बसली. चावी फिरवली तर किलोमीटरच्या जागी नुसत्या रेघा. चिप जळली होती, मामांच्या गाडीचा खरा आकडा कायमचा गेला. शेवटी सर्व्हिसच्या बिलावरचा आकडा धरून हिशेब ठेवावा लागला.

म्हणून चिपला हात लावण्याआधी दोन्ही बोर्डांचे जवळून फोटो घ्या. चिपच्या एका कोपऱ्यात बारीक ठिपका किंवा टोकाला खाच असते. ती बोर्डावरच्या कुठल्या खुणेकडे आहे ते कागदावर काढून ठेवा. पायांना सोल्डरिंग पेस्ट लावा आणि दोन्ही ओळींवर ताजं सोल्डर भरपूर चढवा, चारही पाय एका थेंबात बुडाले तरी चालेल. मग सोल्डरिंग आयर्न एकदा या ओळीवर, एकदा त्या ओळीवर फिरवत राहा. दोन्हीकडचं सोल्डर एकदमच पातळ झालं की चिप चिमट्याने नुसती सरकते. सरकत नसेल तर अजून गरम करा, पण जोर लावू नका. बसवताना आधी कोपऱ्यातला एक पाय पकडवा, ठिपका फोटोशी ताडून बघा आणि मगच बाकीचे सात जोडा.

आणखी दोन गोष्टी. चिप बदलण्याआधी "चालतो का बघू" म्हणून आणलेला मीटर गाडीला जोडू नका. काही गाड्यांत जास्तीचा आकडा गाडीच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये जाऊन बसतो. आणि काटे कधीही ओढून काढू नका, ते पुन्हा त्याच जागी बसत नाहीत.

मीटर उलट क्रमाने बसवा आणि चावी ऑन करा. सगळे दिवे लागून एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, आकडा तुमचाच दिसला पाहिजे. मग कोल्हापूर रस्त्याला अंकलीपर्यंत जा. शेजारी बसलेल्याला मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघायला सांगा. मीटरने थोडा जास्त वेग दाखवला तर ठीक, कमी दाखवता कामा नये. परत आल्यावर सर्व्हिस बुकात तारीख, आकडा आणि "मीटर बदलला, मूळ चिप" एवढं लिहा. काढलेला मीटर स्टिकरसकट पिशवीत घालून ठेवा. गाडी विकताना घेणाऱ्याला दोन्ही दाखवता येतात.