या चुका टाळा : कुस्तीला नव्याने उतरणाऱ्या पोरांसाठी (आणि त्यांच्या घरच्यांसाठीही)

दर जूनमध्ये आमच्याकडे बडोद्याच्या तालमीत पंधरा-वीस नवी पोरं येतात, दिवाळीपर्यंत सहा-सात उरतात. बाकीच्यांचं काय झालं म्हणून घरी फोन केला की उत्तर ठरलेलं : "त्याला जमलं नाही हो." न जमणारं पोरगं मी क्वचितच पाहिलंय. बहुतेकांनी खाली लिहिलेल्यातली एखादी चूक केलेली असते, आणि ती करू नकोस हे मी त्यांना निदान चारदा सांगितलेलं असतं. आता लिहूनच टाकतो.

पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी : श्वास कोंडून कुस्ती करणं.

समोरच्याने मानेवर हात टाकला की नवं पोरगं दात आवळतं, श्वास रोखतं आणि त्याचं मनगट एस. टी.च्या दारातल्या दांड्यासारखं घट्ट धरून बसतं. स्नायू असा सतत आवळलेला राहिला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पुढे सरकत नाही आणि मिनिटाभरात कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगड होतो. आम्ही त्याला हात भरून येणं म्हणतो. त्यात भीती असते. शिट्टी वाजायच्या आधीच छाती धडधडत असते, म्हणजे निम्मा दम उभ्याउभ्याच खर्च झालेला.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी पहिली बाहेरगावची कुस्ती होती. घरून निघताना आईने दही-साखर हातावर ठेवली होती आणि मी वाघासारखा गेलो होतो. सलामी झाली, खडाखडी म्हणजे हाताला हात भिडवून अंदाज घेणं झालं, मी पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला घुसलो. पाय हातात आला. इथपर्यंत सगळं चोख. पण पाय धरून पुढे ओढायला गेलो तर बोटं मिटेनात. माझी बोटं, माझ्याच हाताला लावलेली, आणि ती माझं ऐकेनात. कानात नुसता समुद्र. वस्ताद बाहेरून ओरडत होते ते मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मग छत दिसलं. चितपट झालो हे छत दिसल्यावर कळलं. बाहेर येऊन पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला गेलो, तेही उघडेना. ज्याने मला पाडलं होतं त्यानेच ते उघडून दिलं. वजनाने तो माझ्याएवढाच होता आणि घामसुद्धा धड आलेला नव्हता त्याला. येताना वस्ताद गाडीत एवढंच म्हणाले, "तू श्वास घेतलास कधी?"

यावर लोक धावायला सांगतात. धावा, चांगलंच आहे, पण धावताना कुणी तुमच्या मानेवर लोंबकळत नसतं. मी वेगळं करतो. जोड लावली, म्हणजे सरावाला दोघांना एकमेकांशी भिडवलं, की दोघांनाही मोठ्याने सतराचा पाढा म्हणायला लावतो. ज्याचा पाढा थांबला त्याने श्वास कोंडलाय, की लगेच सोडवतो आणि पुन्हा पहिल्यापासून. बडोद्यात याची एक गंमत होते. मराठी घरातलं पोर सतराला सतरा म्हणतं, गुजराती शाळेतलं सत्तर म्हणतं. मराठीत सत्तर म्हणजे किती हे तुम्हाला माहीत आहेच. दोघांचे पाढे एकमेकांत अडकतात, दोघं हसतात, आणि हसणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. महिनाभर हे केलं की पकड आपोआप सैल होते : हवी तेव्हा घट्ट, नको तेव्हा नुसता हात ठेवलेला. पण महिनाभर थांबायचं कुणाला असतं! चौथ्या दिवशी विचारतात, "सर, ढाक कधी शिकवणार?" ढाक म्हणजे समोरच्याला उचलून पाडायचा डाव.

दुसरी चूक म्हणजे कान. यावरही मी जरा लांब बोलणार आहे.

हल्ली पोरांना पैलवानाचे चुरगळलेले कान हवे असतात. एकाने तर मला विचारलं होतं की कान लवकर फुटायला काय करावं. त्याला मी दोनशे बैठका मारायला लावल्या, पण त्याच्या डोक्यात काही शिरलं असेल असं वाटत नाही.

बाहेर दिसणाऱ्या कानात हाड नसतं, कूर्चा असते, रबरासारखी लवचीक. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. वरून चिकटलेल्या पातळ आवरणातून ती जगते. डोकं डोक्यावर घासलं, कान मुडपला, की आवरण सुटतं आणि मधल्या जागेत रक्त साचतं. कान वाटाण्याच्या शेंगेसारखा फुगतो. ते रक्त वेळेवर काढलं नाही तर खालची कूर्चा उपाशी मरते आणि तिच्या जागी वेडीवाकडी गाठ धरते. ती मग आयुष्यभर तशीच.

माझा डावा कान असाच आहे. तालमीतल्या एका मोठ्या मुलाने गोधडी शिवायची सुई मेणबत्तीवर धरली आणि टोचली. रक्त आलं, बरं वाटलं, मी त्याला चहा पाजला. सकाळी कान पुन्हा तेवढाच. रक्त काढून नुसतं चालत नाही, वरून दाब द्यावा लागतो, नाहीतर रिकामी जागा परत भरते. हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पुन्हा टोचली. तिसऱ्यांदा पू आला, ताप आला आणि वडिलांनी आधी एक थोबाडीत दिली, ती उजव्या बाजूला, मग दवाखान्यात नेलं. आज त्या कानात इअरफोन बसत नाही आणि थंडीत डाव्या कुशीवर झोपता येत नाही. याला कुणाला दागिना म्हणायचं असेल तर म्हणो.

कान फुगला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. ते रक्त काढतील, दाबून पट्टी बांधतील. पट्टी आहे तोवर जोड बंद. आणि सरावाला कानपट्टा लावा. माझ्याकडे लावल्याशिवाय जोड मिळत नाही; केस बिघडतात ही सबब चालत नाही.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

पाणी तोडून वजन उतरवणं. 1997 मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर साधारण महिन्याभरात यातच गेले, तेव्हा तिथले नियम बदलले. 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगाट 100 ग्रॅमने अंतिम फेरीला मुकली, तेव्हा सगळ्या देशाला वजनकाटा काय असतो ते कळलं. पण आमच्या पोरांनी त्यातून धडा काय घेतला, तर आणखी कमी पाणी प्यायचं! बडोद्याच्या मे महिन्यात प्लास्टिकचा सूट घालून पळणारा मुलगा मी स्वतः सावलीत ओढून आणलाय. शाळकरी पोराने वजन उतरवायचंच नाही, वरच्या गटात खेळायचं. आणि महिनाभर आधी संध्याकाळची सेवउसळ सोडली असती तर ही वेळच आली नसती.

पडताना हात टेकणं. मनगट नाहीतर गळ्याखालचं हाड (कॉलरबोन) जातं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि हाताने जमिनीला चापट. जुदोवाले आधी महिनोन्‌महिने पडायलाच शिकवतात, ते वेडे नाहीत.

बोट निखळलं तर स्वतः ओढणं. आपल्या बडोद्यात जुन्या काळचे वस्ताद जुम्मादादा यांचे शिष्य माणिकराव हाडं बसवण्यात नाणावलेले होते हे खरं, पण तुम्ही माणिकराव नाही. आधी एक्स-रे.

डोक्याला मार लागल्यावर "काही नाही, ठीक आहे" म्हणणं. गरगरलं, मळमळलं, स्कोअर आठवेना, तर त्या दिवसाची कुस्ती संपली. यावर माझ्याशी वाद घालू नका. पालकांनीही घालू नये.

नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळून सकाळी सहाला सरावाला येणं. गरबा खेळा, मी अडवत नाही. पण मग सकाळी झोपा. पोटऱ्या लाकडासारख्या घेऊन आलेल्या पोराला मी बसूनच ठेवतो.

गजकर्ण लपवणं. जुन्या हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातल्या मातीत हळद, तेल, ताक, कडुनिंबाचा पाला कालवायचे. मॅटला तसलं काही नाही, तो रोज औषधी पाण्याने पुसावा लागतो, आणि पावसाळ्यात एकाचा चट्टा आठवड्यात पाचांना होतो. दुकानातून आणलेलं स्टिरॉइडचं मलम लावू नका. दोन दिवस खाज थांबते, लाली उतरते, आणि खालून बुरशी पसरत राहते. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, ते सांगतील तितके दिवस औषध लावा, चट्टा दिसेनासा झाल्यावरही. घरी जाऊन आधी आंघोळ, मग मोबाइल.

आणि नखं. दर शनिवारी मी दारात नेलकटर घेऊन उभा असतो. गेल्या शनिवारी सतरा पोरांपैकी अकरांची मी कापली, त्यातल्या दोघांनी पाय पुढे केले.