झाड उतरवायचं आहे? आधी तार काढा

नाताळाचं झाड ६ जानेवारीनंतर उतरवतात. विळा, कुऱ्हाड, पोती हे सांगायला नको. पक्कड आणि लोहचुंबक मात्र आठवणीनं जवळ ठेवा, जुन्या स्पीकरमधलं चुंबकही चालतं. आणि काम दिवसाउजेडी करा, जेवणं आटोपल्यावर ओसरीच्या बल्बखाली नको.

सजावट काढणं सोपं. लाइटची माळ हिसडू नका, गुंडाळून ठेवा. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी बाजारात तारे मिळतातच. आणलाच असेल तर जपून पुन्हा वापरा, पण उकिरड्यावर टाकू नका. एकदा चुरा झाला की ते पांढरे दाणे खतासोबत शेतभर जातात आणि कुजत नाहीत. बर्फ म्हणून पोरांनी घरचाच कापूस चिकटवला असेल तर खतात जाऊ द्या. फोमचा असेल तर वेगळा काढा. चमकीचं प्लास्टिक एकूण एक वेचा, ढोरं तेही खातात.

आता तार. आपल्याकडं बहुतेक घरी सुरूची फांदी असते, ती भरगच्च दिसावी म्हणून आणखी चार फांद्या बारीक बाइंडिंग तारेनं आवळतो, घंट्याही तारेनंच टांगतो. वाळलेल्या काड्यांत ती तार दिसत नाही. गेल्या साली एक वेटोळं राहिलं, झाड तसंच कडबा कुट्टीत, म्हणजे वैरण कापायच्या मशीनमध्ये गेलं. पातं गेलं ते गेलं, पण दुसऱ्या दिवशी त्याच मशीनमधून ढोरांचा कडबा काढायचा होता. सगळं खोलून पुसेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. गाय वैरण निवडून खात नाही, गिळते. तारेचा तुकडा तिच्या जाळीच्या पोटात, म्हणजे पोटाच्या एका कप्प्यात अडकतो आणि तिथून हृदय अगदी जवळ असतं. मग ढोर चारा सोडतं, पुढचे कोपर बाहेर फाकवून उभं राहतं, छातीखाली सूज येते. तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

म्हणून प्रत्येक गाठ पक्कडीनं सोडवा. तोडलेले तुकडे खाली पाडू नका, डब्यात टाका. मग फांद्यांवरून आणि खालच्या कचऱ्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला फक्त लोखंड धरता येतं. लाइटच्या माळेतलं तांबं आणि अॅल्युमिनियमची तार डोळ्यांनीच शोधावी लागते. हे सगळं करूनही झाड कुट्टीत घालू नका. कुऱ्हाडीनं तोडा, तासाभराचं काम आहे.

जाड लाकूड वाळवून चुलीला. सुरूचा जाळ कडक असतो. बारीक काड्या नुसत्या ढिगानं टाकल्या तर लवकर कुजत नाहीत, खड्ड्यात शेण आणि ओल्या पाल्याचे थर देत जा, पाणी शिंपडा. खड्ड्यात टाकतानाही तार बघा. ते खत पसरायला पुढं अनवाणी माणसंच जातात.

संत्र्याला आच्छादन म्हणून घालणार असाल तर थांबा. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून बाग ताणावर ठेवली असेल तर आच्छादनानं ओल टिकते आणि ताण बिघडतो. ताण तोडून पाणी सुरू केल्यावर घाला, तेही बुंध्यापासून हातभर लांब. खोडाला ओलं लागून राहिलं की डिंक्या रोगाला आमंत्रण. जाड तुकडे तिथं नकोच, उधई लागते. सुरूखाली गवत फारसं वाढत नाही, त्यामुळं काड्या उरल्याच तर गोठ्याच्या पायवाटेवर पसरा. तार काढलेल्या काड्या, हे परत सांगतो. पायवाट गोठ्याकडं जाते.

बादलीतली माती चाळून वाफ्यात. चाळणीत तारेचे तुकडे सापडतील, आमच्या सापडले.

प्लास्टिकचं झाड फेकायचंच नाही, घडी घालून माळ्यावर, दरसाल तेच. जाळू तर अजिबात नका, धूर विषारी असतो. कुंडीतलं जिवंत झाड, अरोकेरिया, असेल तर लगेच उन्हात काढू नका, आधी सावलीत. शेतात लावायची घाई करू नका, मे महिन्यात पारा ४५ वर गेला की ते करपतं. कुंडीतच राहू द्या, निंबाखाली.