बेने इस्रायलवर प्रोजेक्ट घेताय? आधी माझी फजिती वाचा

टीवायला, म्हणजे बीएच्या तिसऱ्या वर्षाला, रिसर्च प्रोजेक्टचा विषय द्यायचा होता तेव्हा मी छातीठोकपणे 'दक्षिण आशियाई डायस्पोरा आणि अस्मिता' असं लिहून दिलं. गाईड मॅडमनी कागद परत केला आणि म्हणाल्या, यातला एक माणूस मला दाखव. भयंकर राग आला होता तेव्हा, आता ज्युनिअर्सचे विषय बघते आणि मीही तेच विचारते. शेवटी बेने इस्रायल घेतले, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, तेल गाळणारे 'शनवार तेली', शनिवारी, त्यांच्या शब्बाथच्या सुट्टीला, घाणा बंद ठेवायचे म्हणून हे नाव. १९४८ नंतर त्यातले बरेचसे इस्रायलला गेले, इकडे मुंबई-ठाणे-रायगडात थोडे उरलेत. मला सोय ही की मुलाखती मराठीत होणार आणि लोकलने जाता येणार. सोयीचा विषय घ्यायला अजिबात लाजू नका, पासपोर्ट लागणारे विषय एमएला बघू.

कन्सेंट फॉर्म, रेकॉर्डर वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात वेळ घालवत नाही. मी आपटले ते दुसरीकडेच.

मैत्रिणीच्या आईमुळे एका काकांची ओळख झाली. सत्तरी ओलांडलेले, बोलके, प्रचंड प्रेमळ. घरच्या मलिद्याला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या विधीला, बोलावलं, मोठ्या ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, कडेने फळं मांडलेली, एलियाहू हनावी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना झाली आणि मला घरच्यासारखं वाढलं. निघताना म्हणाले, तू कुठे शोधत बसतेस, मी देतो ना नंबर. बारा नंबर दिले! मी तर हवेत. महिन्याभरात बाराही मुलाखती झाल्या आणि बाराही जणांनी पूर्वज इथे कसे आले याची तीच गोष्ट सांगितली, जहाज फुटलं, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, साल इसवी सनापूर्वी १७५. मी 'सामूहिक स्मृती' असं झोकात नाव देऊन चाळीस पानांचा चॅप्टर लिहिला.

प्रेझेंटेशनला एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, एकच प्रश्न विचारला, हे बारा जण एकमेकांना कुठून ओळखतात?

घरी येऊन कागदावर बारा नावं लिहिली आणि रेघा मारायला घेतल्या. पाच जण काकांच्याच सिनेगॉगचे (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), तिघं नात्यातले (एक तर व्याही), उरलेले चार समाजाच्या कार्यक्रमात भाषणं करणारे. प्रत्येक रेघ काकांपाशी. त्यांच्याशी ज्याचं पटत नाही असा एक नाही, जातीबाहेर लग्न केलेलं कोणी नाही, बायका दोनच आणि त्याही नवऱ्याशेजारी बसून बोललेल्या. म्हणजे मी बारा माणसांना भेटलेच नव्हते, एकाच माणसाला बारा वेळा भेटले होते. आणि ते १७५! अहो, कुठल्या आजीने नातवंडांना गोष्ट सांगताना इसवी सनापूर्वीचा आकडा सांगितला असेल? तो हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या इतिहासातला आहे, १८९७ मध्ये लिहून झालेला आणि १९३७ मध्ये छापलेला. बारा वेळा रेकॉर्ड झालं आणि मला एकदाही खटकलं नाही.

परत सांगते, कारण दरवर्षी कोणीतरी यातच अडकतं. ओळखीतून ओळख काढत जाणं चूक नाही, आपल्याकडे दुसरा मार्गच नसतो. पण सुरुवात किमान तीन ठिकाणांहून करा आणि ती तीन माणसं एकमेकांच्या मर्जीतली नसावीत. प्रत्येक मुलाखतीच्या वर लिहा की नंबर कोणी दिला आणि देताना काय म्हणाला. ते वाक्य म्हणजेच तुमचा डेटा. काका मला एका मावशींबद्दल म्हणाले होते, तिला नको विचारूस, लहानपणीच तिकडे इस्रायलला गेली, तिला काही माहीत नाही. मी मान डोलावली होती.

एक्स्टर्नल झाल्यावर त्याच मावशींचा नंबर दुसरीकडून मिळवला. इस्रायलमधल्या दिमोना गावी असतात. पहिला फोन लावला शुक्रवारी रात्री, शब्बाथ सुरू झाल्यावर (तो शुक्रवारी संध्याकाळीच लागतो, धार्मिक लोक फोन घेत नाहीत), विषयच हा घेतलेल्या मुलीने! रविवारी लागला (तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन तास मागे असतं, हेही आधी बघा). मी सवयीने जहाज काढलं तर म्हणाल्या, "जहाजाचं मला काय विचारतेस गं, मी विमानाने आले." आणि मग चाळीस मिनिटं बोलल्या. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेने, फर्मान काढलं की बेने इस्रायलांचं लग्न लावायच्या आधी आईकडच्या मागच्या पिढ्या तपासा, आणि यांच्या मोठ्या बहिणीचं ठरलेलं लग्न अडकलं. जेरुसलेममध्ये लोक धरणं धरून बसले, १९६४ मध्ये संसदेने ते बाकीच्यांसारखेच पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं. बहिणीचा शालू तोपर्यंत पेटीतच. माझा खरा चॅप्टर तो झाला.

घाबरू नका पण, बारा मुलाखती वाया नाही गेल्या. एकच गोष्ट सगळ्यांच्या तोंडी तशीच्या तशी कशी येते, यावर उरलेला भाग लिहिला आणि तो आधीच्यापेक्षा बरा झाला. मार्कही ठीक मिळाले.

बाकी दोन मतं, पटली तर घ्या. मोबाईलवर ऑटो ट्रान्सक्रिप्ट काढू नका, मराठीत हिब्रू शब्द आले की त्याचं भजं होतं, माझे हाताने उतरवताना एका तासाच्या ऑडिओला सहा तास जायचे पण बहिणीचा शालू मला तिथेच ऐकू आला, फोनवर निसटला होता. आणि नावाजलेल्या गाईडच्या मागे लागू नका, जो ड्राफ्ट वाचून समासात शिव्या घालतो तो धरा. फक्त सही करणारे कितीही मिळतात.

हो, आणि खरी नावं लपवायला द्यायची टोपणनावं. यांची आडनावं बहुतेक कोकणातल्या गावांवरून, -करवाली. मी काकांना आपलं मनाने एक बनवून दिलं आणि प्रोजेक्टची प्रत द्यायला गेले. त्यांनी चष्मा लावला, चार पानं उलटली आणि म्हणाले, "हे तर माझ्या व्याह्याचं नाव आहे."